पवनचक्क्या मोजल्या, माणसे कोणी मोजायची?

१७ मे २०२१ चा दिवस पालघरच्या किनाऱ्यावरचे लोक विसरलेले नाहीत. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे सरकत होते. मुंबईत वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली होती. त्या वाऱ्यात 'गाल कन्स्ट्रक्टर' नावाचे एक अवाढव्य बार्ज नांगर सुटून भरकटत आले आणि वडराईसमोरच्या खडकावर रुतून बसले. त्यावर १३७ माणसे होती. दुसऱ्या दिवशी नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. माणसे गेली, बार्ज तिथेच राहिले. त्याच्या टाक्यांत डिझेल होते. पुढे गळती झाली आणि ज्या समुद्रावर वडराई, माहीम, सातपाटीच्या चुली पेटतात त्या समुद्रात तेल आले.

'गाल कन्स्ट्रक्टर'चे लोक नशीबवान म्हणायचे. त्याच दिवशी मुंबईच्या पश्चिमेला, तेलक्षेत्रात, 'पी ३०५' हे दुसरे बार्ज बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतली १८६ वाचली. 'वरप्रदा' नावाच्या टगबोटीवर १३ जण होते, त्यांतले दोघे वाचले. दोन्ही मिळून ८६ बळी गेले. कोण होती ही माणसे? वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, मदतनीस. ओएनजीसीच्या तेल-वायू प्रकल्पाच्या कामावर कंत्राटदाराने नेलेले कामगार. त्यांची जात कोणत्याही अहवालात नोंदलेली नाही. पण कंत्राटी कामाच्या शेवटच्या पायरीवर या देशात कोण उभा असतो, हे कळायला जनगणनेची वाट पाहावी लागत नाही.

त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे काढून पाहा. या घटनेला 'वादळाचे बळी' म्हटले गेले, 'सागरी दुर्घटना' म्हटले गेले. 'ऊर्जाक्षेत्रातला अपघात' असे फारसे कोणी म्हटले नाही. वास्तविक ती माणसे समुद्रात मासे धरायला गेली नव्हती. आपल्या घरातला गॅस पेटावा, रस्त्यावरची गाडी पळावी, कारखान्याचे चाक फिरावे म्हणून ती तिथे होती. तेल बाहेर काढणारा यंत्रांचा सांगाडा ही देशाची ऊर्जासुरक्षा, आणि त्या सांगाड्याला रंग देणारा कामगार बुडाला तर तो हवामानाचा बळी, अशी ही विभागणी आहे. या लेखाचा सगळा रोख या विभागणीवर आहे.

आजच हा विषय का, असे कोणी विचारील. कारण १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच बैठकीत दोन निर्णय घेतले, आणि दोन्हींचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. पहिला निर्णय ७६,२०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराचा. त्याचे भूमिपूजन पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला येऊन केले. त्याची चर्चा, त्याविरुद्धचे मोर्चे, मच्छीमारांनी उभारलेले काळे झेंडे आपल्याला ठाऊक आहेत. दुसऱ्या निर्णयाची चर्चा मात्र आपल्याकडे झालीच नाही. तो होता समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या मदतीचा. त्यात ५०० मेगावॅट तामिळनाडूच्या समुद्रात आणि ५०० मेगावॅट गुजरातच्या समुद्रात. गुजरातचा समुद्र म्हणजे काही परका मुलूख नाही. वाऱ्याला, वादळाला आणि पापलेटच्या थव्याला राज्याची सीमा कळत नाही. आज ना उद्या ही पाती आपल्या शेजारच्या पाण्यात फिरणार आहेत. तेव्हा वादळात पवनचक्कीचे काय होते, हे आपण आधीच समजून घेतलेले बरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा लेख पवनचक्कीच्या विरोधात नाही. कोळशाचा धूर डहाणूच्या चिकूबागायतदाराला आणि त्याच्या बागेत राबणाऱ्या वारली मजुराला, दोघांनाही ठाऊक आहे. वाऱ्यापासून वीज मिळत असेल तर ती घ्यावीच. प्रश्न तिची जोखीम कोणाच्या माथी मारली जाते हा आहे.

पवनचक्की वाऱ्यावर चालते, म्हणून वारा जितका जास्त तितकी वीज जास्त, असे सर्वसाधारणपणे वाटते. तसे नाही. वारा ताशी साधारण ९० किलोमीटरच्या पुढे गेला की मोठी पवनचक्की स्वतःला बंद करून घेते. पाती आपल्या जागी वळतात आणि वाऱ्याला छाती न दाखवता कड दाखवतात. वरचे डोके वाऱ्याच्या दिशेने तोंड करून राहते. अशा अवस्थेत ती वादळ सोसते. सर्वात मजबूत वर्गातली पवनचक्की दहा मिनिटांचा सरासरी वारा ताशी १८० किलोमीटर आणि क्षणिक झोत ताशी सुमारे २५० किलोमीटर धरून बांधलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकात उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळांसाठी याहून कडक असा वेगळा वर्ग आला तो २०१९ मध्ये. त्याआधी हे हिशेब मुख्यतः युरोपातला वारा पाहून केलेले होते. अरबी समुद्राचा वारा त्या हिशेबाच्या वहीत नव्हता.

पण खरी मेख पुढे आहे. पाती वळवायला आणि डोके फिरवायला मोटारी लागतात. मोटारींना वीज लागते. पवनचक्की बंद असताना ही वीज बाहेरून, तारांवरून येते. आणि वादळात सगळ्यात आधी काय पडते? तारा पडतात, खांब पडतात. वीज जाते आणि डोके जागच्या जागी अडकते. मग चक्रीवादळाचा वारा, जो काही तासांत आपली दिशा पार बदलतो, तो एका बाजूने येऊन पात्यांवर आदळतो. पाते मोडते, नाहीतर खांबच वाकतो, नाहीतर पाया उखडतो. जपानच्या मियाको बेटावर सप्टेंबर २००३ मध्ये सातही पवनचक्क्यांचे नुकसान झाले, त्यांतल्या तीन आडव्या झाल्या. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर होंगहाईवान येथे २०१३ मध्ये आठ कोसळल्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळाने हैनान बेटावर पुन्हा तेच दाखवले. या देशांना पैसा कमी नाही, तंत्रज्ञान कमी नाही.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे आणि अधिक बोलके आहे. ९ जून १९९८ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ धडकले. पोरबंदर ते लांबा या पट्ट्यात तेव्हा पवनचक्क्यांची मोठी रांग उभी होती. वादळानंतर परदेशी तज्ज्ञांनी त्यांची पाहणी केली. एकूण पवनचक्क्या ३१५. त्यांतल्या १२९ ची मोठी हानी. किती पाती तुटली, किती मनोरे पडले, पाया कुठे कमी पडला, आराखड्यात वारा किती धरला होता आणि प्रत्यक्षात किती आला, याचा शोधनिबंध निघाला. पुढे नवी यंत्रे बनवताना जगभरच्या अभियंत्यांनी तो वाचला. चांगलेच झाले.

आता त्याच वादळाची दुसरी बाजू पाहा. ते वादळ पुढे कांडल्याला गेले. तिथे खाडीच्या काठावर मिठागरे होती आणि मिठागरात, बंदराच्या झोपडपट्टीत हजारो स्थलांतरित मजूर राहत होते. समुद्राचे पाणी भिंतीसारखे आत आले. सरकारी आकडाच मृतांची संख्या हजाराच्या वर सांगतो, आणि बेपत्ता निराळे. किती मजूर तिथे होते याची यादी कोणाकडे नव्हती, म्हणून किती गेले याचीही यादी होऊ शकली नाही. पवनचक्क्या ३१५ होत्या हे नक्की माहीत होते, कारण प्रत्येक पवनचक्कीला क्रमांक होता, विमा होता, मालक होता. मीठ काढणाऱ्या माणसाला यांतले काहीच नव्हते. एकाच वादळातल्या या दोन गणत्या आहेत. एक शेवटच्या पात्यापर्यंत अचूक, दुसरी 'सुमारे' आणि 'अंदाजे' या शब्दांवर सोडून दिलेली.

वाचकहो, आता तारापूरकडे या.

पवनचक्कीची जी दुखरी नस सांगितली, तीच अणुवीज केंद्राचीही आहे. वीज बनवणाऱ्या केंद्राला संकटाच्या वेळी स्वतःलाच वीज लागते. अणुभट्टी बंद केली म्हणजे चूल विझवल्यासारखी ती विझत नाही. साखळी प्रक्रिया थांबल्यावरही इंधनातून उष्णता निघत राहते. सुरुवातीला ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. आकडा छोटा दिसतो, पण तेवढी उष्णता काढून घेतली नाही तर इंधन वितळते. त्यासाठी पंप हवेत, पंपांना वीज हवी. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि त्सुनामीने जनरेटर बुडवले. अणुभट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या, तरीही पुढचे जे झाले ते जगाने पाहिले. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, ज्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, त्या फुकुशिमाच्याच घराण्यातल्या, उकळत्या पाण्याच्या, अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकच्या आहेत. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांची फेरतपासणी झाली, बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या केल्या गेल्या, जादा जनरेटरची सोय झाली. ही नोंद घेतलीच पाहिजे. घबराट पसरवणे हा या स्तंभाचा धंदा नाही.

पण आपल्या देशाच्या दोन घटना आपल्याच लोकांना फारशा सांगितल्या गेल्या नाहीत, त्या सांगायला हव्यात. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली. आग लागली, तारांचे जाळे जळाले आणि केंद्र १७ तास विजेविना राहिले. अंधारात, धुरात कर्मचारी वर चढले आणि अणुभट्टी पुन्हा पेटू नये म्हणून त्यांनी हाताने बोरॉनचे द्रावण सोडले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही, तो यंत्रामुळे जितका टळला तितकाच त्या माणसांमुळे. दुसरी घटना आपल्या शेजारची, काकरापारची. जून १९९४ मध्ये तिथे अतिवृष्टी झाली, बाजूच्या तलावाचे पाणी फुगले, दारे वेळेवर उघडली नाहीत आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले. अणुभट्टी त्या वेळी बंद होती, म्हणून निभावले. ही गोष्ट बाहेर कशी आली? तिथल्या एका कामगाराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. बक्षीस काय मिळाले? बडतर्फी. तो न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. पाणी कसे शिरले याची चौकशी झाली असेल, सुधारणाही झाल्या असतील. पण तारापूरच्या, काकरापारच्या, कुठल्याही केंद्रातल्या कंत्राटी कामगाराने या प्रकरणातून कोणता धडा घेतला असेल, हे वेगळे सांगायला हवे काय?

सुरक्षेची पहिली अट अशी की, खालच्या माणसाला वरच्याला 'थांबा' म्हणता आले पाहिजे. आपल्या समाजरचनेत नेमके तेच अवघड आहे. ज्याच्या आज्याला गावात मान वर करून बोलता येत नव्हते, तो ठेकेदाराच्या पासवर फाटकातून आत येतो आणि त्याने साहेबाला सांगायचे की समुद्र फुगलाय, काम बंद करा? पी ३०५ च्या बाबतीत हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून होते. तरी बार्ज तेलक्षेत्रातच राहिले. अशा बार्जना सहसा स्वतःचे इंजिन नसते, टगबोटीने ओढल्याशिवाय ती हलत नाहीत. म्हणजे वर झोपणाऱ्या अडीचशे माणसांना इच्छा असूनही किनारा गाठता येत नव्हता. जीव वाचवायचे तराफे फुटके निघाले असे वाचलेल्यांनीच सांगितले. नंतर कप्तानावर गुन्हा दाखल झाला. तो स्वतः त्या समुद्रात गेला होता.

अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचे एक वर्तुळ आखलेले असते. आपत्ती आली तर या वर्तुळातल्या लोकांना हलवायचे, अशी योजना असते. तारापूरच्या वर्तुळात बोईसर येते, औद्योगिक वसाहत येते, घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर ही मच्छीमार गावे येतात आणि उत्तरेला वाढवणही येते. याच वर्तुळात आता देशातले सगळ्यात मोठे बंदर आणायचे आहे. या केंद्राची जागा ठरली तेव्हा बोईसर हे एक खेडे होते. आज तिथे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार चाळीत आणि झोपडीत राहतो. त्यात आपला बौद्ध समाज मोठ्या संख्येने आहे. वादळाच्या रात्री, वीज गेलेली, झाडे पडलेली, बोईसरचा एकमेव मोठा रस्ता अडलेला, अशा वेळी हे लाखो लोक कोणत्या वाहनाने कुठे जातील? केंद्राच्या वसाहतीतल्या अधिकाऱ्याला ते माहीत असेल. भाड्याच्या खोलीतल्या हेल्परला माहीत आहे काय?

अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना हे प्रश्न नवे नाहीत. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी ही दोन गावे उठवली गेली. समुद्राकाठच्या मच्छीमारांना किनाऱ्यापासून आत वसवले. ज्याचे घर होडीपासून हाकेच्या अंतरावर होते त्याला घर मिळाले, पण होडी तुटली. पुनर्वसनाचा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला. या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये चालू झाल्या. त्या वेळी देशातल्या सर्वात मोठ्या स्वदेशी अणुभट्ट्या म्हणून त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. कौतुकाच्या समारंभात पोफरणची नावे वाचली गेली नाहीत, एवढेच.

औद्योगिक वसाहतीचा मुद्दा याला जोडूनच येतो, कारण तिथेही वीज जाणे म्हणजे नुसता अंधार नसतो. रासायनिक कारखान्यातल्या पात्रात माल ढवळला जात असतो, थंड पाणी फिरत असते. वीज गेली की ढवळणे थांबते, पाणी थांबते आणि आतली उष्णता वाढू लागते. जनरेटर वेळेवर चालू झाला तर ठीक. तारापूरच्या वसाहतीत स्फोट आणि आगी कोणत्या वेगाने होतात हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. बातमी ठरलेली असते: इतके ठार, इतके जखमी, मालकावर गुन्हा, वारसांना मदत जाहीर. बहुतेक वेळा रात्रपाळीचा कामगार, बहुतेक वेळा ठेक्यावरचा. सांडपाण्यामुळे समुद्राची जी नासाडी झाली, त्याबद्दल हरित लवादाकडे दाद मागायला अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला जावे लागले. म्हणजे सरकारी यंत्रणा पगार घेऊन जे काम करायला आहेत, ते काम मासे विकणाऱ्या समाजाने वर्गणी काढून केले.

आणि डोंगराकडच्या पाड्यांचे काय? तलासरी-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपले. वादळ आले की पाड्यावरचे पत्रे उडतात, खांब पडतात. वीज परत येण्याचाही एक क्रम असतो: आधी मोठ्या वाहिन्या, मग शहर, मग कारखाने, मग गाव, मग गावाबाहेरची वस्ती, मग पाडा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडमध्ये कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तांत्रिक कारण मला मान्य आहे. मुख्य वाहिनी आधी उभी राहिल्याशिवाय फांद्यांना वीज मिळत नाही. पण गावाबाहेरची वस्ती दर वेळी फांदीच्या टोकालाच का, हे कारण तांत्रिक नाही. ती वस्ती गावाबाहेर कोणी बसवली, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच खात्याकडे विजेचे धोरणही होते, हे मात्र आपल्यातले पुष्कळ जण विसरतात. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजधोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी मांडणी केली ती अशी की, वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय देशाचे औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय जनतेची दारिद्र्यातून सुटका नाही. त्यांच्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी झाली. वीज ही त्यांच्या लेखी नफ्याची वस्तू नव्हती, माणसाला वर काढण्याचे साधन होती. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. कामगार कुठे काम करतो, कुठे राहतो, हे त्यांनी पाहिले. लगोलग १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. विजेचे धोरण आखणारा माणूस आणि कोळसा काढणाऱ्याच्या खोलीत डोकावणारा माणूस एकच होता. आज ही दोन कामे दोन वेगळ्या मंत्रालयांत, दोन वेगळ्या मजल्यांवर, एकमेकांना ओळख न देता चालतात.

म्हणून वाढवणच्या, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या आणि तारापूरच्या प्रश्नावर आपल्या संघटनांनी केवळ 'हवे' किंवा 'नको' एवढ्यावर थांबू नये. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आता हाकेच्या अंतरावर आहे, ठाण्याला जावे लागत नाही. तिथे जाऊन काही गोष्टी लेखी मागता येतात. वादळाचा इशारा मिळाल्यावर समुद्रातले काम थांबवण्याचा अधिकार कोणाच्या सहीने चालतो, त्या अधिकाऱ्याचे पद जाहीर करा. बंदरावर, बार्जवर, पवनचक्कीवर, कारखान्यात रोज किती कंत्राटी माणसे आत आहेत याची यादी दर पाळीला किनाऱ्यावरच्या कचेरीत ठेवा, ती मुख्य मालकाच्या जबाबदारीवर ठेवा, ठेकेदाराच्या खिशात नको. अणुकेंद्राच्या आपत्ती सरावात शाळा आणि पंचायत असतेच, त्यात भाड्याच्या खोल्या आणि कामगार नाके आणा, आणि सूचना मराठीबरोबर हिंदीत आणि वारलीतही द्या. धोका दाखवणाऱ्या कामगाराला नोकरीचे संरक्षण द्या. यांतल्या एकाही मागणीला ७६,२०० कोटी लागत नाहीत.

विकासाच्या बाजूने बोलणारे म्हणतील, मोठ्या कामात थोडी जोखीम असतेच. असते. पण जोखीम ज्याची, निर्णयही त्याचाच असावा, हे ते म्हणत नाहीत. पवनचक्कीच्या पात्याला किती वारा सोसेल याचा हिशेब करून मानक ठरते, आणि ते मोडले तर मानक बदलते. १९९८ नंतर बदलले, २००३ नंतर बदलले, २०१९ मध्ये नवा वर्ग आला. माणसाच्या बाबतीत मानक कोणते? १९९८ ला कांडल्याचा मिठागर मजूर यादीवर नव्हता. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, तेव्हा कोकणातल्या खलाशांची शोधाशोध किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायकांनी केली.

२०२१ च्या मे महिन्यात पी ३०५ वरचे मृतदेह एका जागी सापडले नाहीत. काही नौदलाने पाण्यातून उचलले, काही रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही आपल्या पालघरवरून पुढे वाहत जाऊन गुजरातच्या वलसाडला लागले. पाण्यात राहून चेहरे ओळखू येत नव्हते. दूरच्या राज्यांतून आलेले भाऊ आणि बाप मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाबाहेर डीएनएसाठी रक्त देऊन दिवसेंदिवस थांबले, आणि आपला माणूस कोणत्या क्रमांकाचा आहे हे कळण्याची वाट पाहत राहिले.